धोंडीबाईनं पोर बिगारीत घातली

…तर धोंडीबाईनं खराटा उगारला आणि कमळाकर मास्तर कुडाला पाठ लावून उभे राहिले, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात तुमच्या आजीनं जेवायला हाक मारली, आणि बिचारे मास्तर रात्रभर तसेच कुडाला चिकटून राहिले. आता त्यांना सोडवू या.

काल तुमच्यातली निम्मी पेंगत होती, म्हणून आधी चार शब्द सांगतो. धोंडीबाई म्हणजे आमच्या वाडीतल्या कान्हाची बायको. आमची वाडी किन्हवलीच्या पलीकडे, शहापूर तालुका संपून मुरबाड लागतो तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी. खाचरात भात, उतारावरच्या वरकसात नाचणी, बाकी सगळं रान. साल असेल छत्तीस-सदतीस. त्या वर्षी वाडीत पहिल्यांदा शाळा आली. शाळा आली म्हणजे काय, तर देवळाच्या पडवीत एक मास्तर येऊन बसला. भिवंडीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, सातवी पास, अंगानं काटकुळा. मिशी नुकतीच फुटलेली, आणि ती मोठी दिसावी म्हणून तो सारखा तिला हात लावायचा.

हे मास्तर पोरं गोळा करत घरोघर फिरत होते. धोंडीबाईच्या दारात आले आणि सरळ म्हणाले, "बाई, तुमच्या जिवलीला बिगारीत घालायचंय. उद्या सकाळी धाडा."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पहिलीच्या आधीच्या वर्गाला तेव्हा सगळीकडे बिगारीच म्हणत. भिवंडीत हा शब्द ऐकून कुणी मान वर केली नसती. पण आमच्या वाडीत बिगारी म्हणजे वेठ. कुणी अंमलदार फिरतीवर आला की त्याचा शिपाई वाडीत यायचा आणि समोर दिसेल त्याला ओझं न्यायला धरायचा. मजुरी नाही, भाकरसुद्धा स्वतःच्या घरची. कान्हाला असाच भर आवणीत, भातलावणीच्या दिवसांत, उचलून नेला होता. रोपांच्या मुठी बांधून बांधावर ठेवलेल्या, त्या तिथंच सडून गेल्या. तो परत आला तेव्हा उजवा खांदा उतरलेला होता, आणि तो खांदा पुन्हा कधी वर आला नाही.

आणि आता हा नवा माणूस दारात उभा राहून सहा वर्षांची पोर मागत होता.

"घोव नेलात, आता पोर पण नेता?" धोंडीबाई म्हणाली.

"अहो बाई, तसं नाही. अक्षरं शिकायची आहेत."

"ओझ्याला काय नाव द्याचा ते दे रे. माझी पोर उचलणार नाय."

आतून कान्हाचा आवाज आला, "अगो, ऐकून तरी घे. खराट्यानं मास्तर झाडतंस काय?"

मग बरीच समजावणी झाली. मास्तरांनी जमिनीवर बोटानं अक्षर काढून दाखवलं. शेवटी धोंडीबाईनं खराटा खाली ठेवला, पण आपली अट घातली. "पोर येईल. पण मी पण येईन आणि ओट्यावर बसेन. पोरीच्या डोक्यावर काय ठेवलंस, तर तिथनंच उठवून आणीन."

"बसा की," मास्तर म्हणाले. "ओटा मोठा आहे." सुटले बिचारे.

आणि खरंच, ती बसली. कडेला धाकटा बारकू, पुढ्यात पळसाच्या पानांचा ढीग. हात पत्रावळी लावायचे आणि डोळे आत वर्गात. मीही त्याच वर्गात होतो. त्या सहामाहीत आम्ही पोरं जे जे शिकलो ते सगळं तिच्या नजरेखालून गेलं. धूळपाटीवर विटेची भुकटी पसरून बोटानं ग गिरवायचा, आणि पाटी हलवली की ग गेला. जिवलीला याचं फार वाईट वाटायचं. आपला ग कुठं गेला म्हणून ती पाटीखाली बघायची. चिंचोके मोजायला शिकलो. रोज सकाळी नखं दाखवायला शिकलो. नाक बाहीला पुसायचं नाही हेही शिकलो, म्हणजे ऐकलं.

सगळ्यांत अवघड धडा मात्र वेगळाच निघाला. तो होता हजेरीचा. मास्तर मोठ्यानं नाव घेत आणि आम्ही गप्प. नाव घेतलं की पोरं मान खाली घालून बसत. मास्तरांना वाटलं, पोरं बहिरी आहेत की काय. त्यांना काय ठाऊक, घरी आम्हाला बोलायला यायच्या आधीपासून एकच शिकवण होती: परक्या माणसानं नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाही. ज्यानं ओ दिली तो ओझ्याखाली गेला. मास्तर रोज म्हणत, "अरे, हजर म्हणा. हजर म्हणजे मी इथं आहे. एवढंच." गणपती गेले, नवरात्र गेलं, तेव्हा कुठं आमच्या तोंडून हजर फुटलं. आणि एकदा फुटलं ते असं, की घरी आईनं हाक मारली तरी आम्ही हजरच म्हणायचो.

मध्येच एकदा सगळं फिसकटणार होतं. एका शनिवारी मास्तर म्हणाले, "चला, आज पडवी सारवायची." त्या काळी शाळा पोरंच सारवत. जिवली शेणाची पाटी डोक्यावर घेऊन आली, आणि ओट्यावरची पानं उडाली. धोंडीबाई उठली, पाटी उतरवली, पोरीचं मनगट धरलं.

"ही अक्षरं काय, मास्तर?"

मास्तरांनी मिशीला हात लावला. धोतर खोचलं, गुडघ्यावर बसले आणि स्वतः सारवायला लागले. सारवण असं, की भिंतीवर जास्त, जमिनीवर कमी. धोंडीबाई थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सरका. हे सारवणं नाय, हे म्हशीचं लोळणं." आणि तिनंच ती पडवी सारवून काढली. त्या दिवसानंतर दर शनिवारी अर्धी पडवी मास्तर सारवत आणि अर्धी पोरं. जिवली शाळेतच राहिली.

मग भात झोडून झालं आणि परीक्षेचा दिवस आला. शहापुराहून शाळा तपासायला साहेब येणार. लोक त्याला दिपोटी म्हणत. मास्तरांनी महिनाभर सांगून ठेवलं होतं की पोरं दिसली नाहीत तर शाळा दुसऱ्या गावाला जाईल. आम्ही अंगरखे धुऊन तयार होतो. पण ओढ्यापलीकडे गाडी थांबली, पट्टेवाला पेटी घेऊन ओढा उतरताना दिसला, आणि कुणीतरी ओरडलं, "शिपाय आला." झालं. माणसं रानात, बाया रानात, आणि आम्हाला बखोटीला धरून नेलेलं, आम्हीही रानात. देवळामागे कारवीची जाळी होती, तिच्यात धोंडीबाई, जिवली, बारकू, मी आणि वर्गातली सगळी पोरं अंग चोरून बसलो.

तिथून पडवी दिसत होती. मास्तर एकटे उभे. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "कुठे आहेत तुमचे विद्यार्थी?"

"आहेत साहेब, इथंच आहेत," मास्तर म्हणाले.

"मग हजेरी घ्या."

मास्तरांनी रिकाम्या पडवीकडे तोंड करून पहिलं नाव घेतलं. "नामा चांगो."

नामा चांगो म्हणजे मीच की. मी काही ठरवलं नव्हतं. तोंड आपसूक उघडलं आणि जाळीतून आवाज गेला, "हजर."

धोंडीबाईनं मला असा चिमटा काढला की अजून आठवतो. पण पुढचं नाव झालं, लडकूनंही हजर म्हटलं. मग भागीनं. जाळीच्या या टोकाकडून, त्या टोकाकडून, हजर, हजर. साहेब मान वळवून वळवून झुडपाकडे बघायला लागले. मग नाव आलं, "जिवली कान्हा."

जिवलीच्या तोंडावर आईचा हात होता. मास्तर थांबले. दुसऱ्यांदा नाव घेतलं. जिवलीनं आईकडे बघितलं. धोंडीबाई जाळीतून पडवीकडे बघत होती. एवढी नावं झाली, पण पट्टेवाला जागचा हलला नव्हता. कुणी कुणाला धरायला आलं नव्हतं. आणि मास्तर मिशीला हात न लावता ताठ उभे होते. तिनं हात काढला.

"हजर," जिवली म्हणाली, आणि साहेब मोठ्यानं हसले.

मग काय, जाळीतून आधी धोंडीबाई बाहेर आली, बारकूला कडेवर घेऊन, आणि तिच्या मागे आमची रांग. परीक्षा झाली. चिंचोके मोजून झाले. जिवलीनं अंगणातल्या धुळीत ज काढला आणि वर साहेबांनाच सांगितलं, "पाय देऊ नका." माणसं एकेक करून रानातून परत आली. साहेबांनी शेरा लिहिला, सगळी पोरं पहिलीत. मास्तर ओट्यावर मटकन बसले आणि म्हणाले, "धोंडीबाई, पोर बिगारीतून सुटली." एवढा मोकळा श्वास वाडीनं एकत्र कधी सोडला नसेल.

निघताना पट्टेवाला गाडी जुंपून घ्यायला पुढं गेला होता, तेव्हा मात्र साहेब सवयीनं बोलून गेले, "मास्तर, पेटी ओढ्यापलीकडे न्यायला एक माणूस द्या बघू." कान्हा, सवय वाईट, तो उतरलेला खांदा घेऊन उठायला लागला. तेव्हा धोंडीबाई पुढं झाली आणि बोलली. त्यानंतर साहेब चांगलेच हसले, आणि पेटीची एक कडी त्यांनी आणि दुसरी मास्तरांनी धरून दोघं ओढ्याच्या पाण्यातून पलीकडे गेले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ती काय बोलली, ते तिच्याच तोंडचं सांगतो:

"माणूस कशाला, सायेब? एक कडी तुमी धरा, एक मास्तर धरंल. आमची बिगारी आज सुटली, तुमीच तर आता लिवलंत."