प्लेटलेटवाले सर

अख्ख्या मंगळवार पेठेत माणसाचा चेहरा सोडून त्याच्या पायांची विचारपूस करणारे एकच गृहस्थ होते, आमच्या शेजारचे निवृत्त सर. जन्मभर मेडिकलच्या पोरांना रक्ताभिसरण शिकवलेलं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटविषयी ते भावकीविषयी बोलावं तसं बोलत, कौतुकानं सुरू करून तक्रारीवर संपवत. ‘जखम झाली की पहिल्या धावून येणार ह्याच. पण कुठं थांबायचं ते कळत न्हाई की!’ कुणी भेटलं की वाकून त्याच्या पावलावरची नाडी चाचपायची त्यांना खोड. समोरच्याला वाटे, सर पाया पडतायत. माझ्या बहिणीला बघायला आलेला मुलगा तर संकोचानं मागे सरकत पार दारापर्यंत गेला. ‘पावणं, हलू नका, नाडी चुकत्या!’ म्हणत सर त्याच्या मागोमाग. स्थळ मोडलं. ‘नाडी मात्र झकास होती हां,’ असं सर पुढं कित्येक दिवस हळहळत होते.

एका सकाळी आमच्या अण्णांचा डावा पाय एकाएकी पांढराफटक आणि गार पडला. आई गरम फडक्यानं शेकत बसली. माझी हाक ऐकून सर अर्धवट दाढीनिशी धावत आले, पावलावर बोटं ठेवली, नाडी लागेना म्हणून घोट्यामागंही चाचपून पाहिलं. मग ओरडले, ‘वहिनी, शेक बंद करा! भाजलं तरी त्यांना कळायचं न्हाई. रिक्षा बोलवा आधी.’

अण्णांना ऑपरेशनला आत नेलं. बाहेर बाकावर सरांनी केसपेपरच्या पाठीवर नकाशा काढला. ‘हा हमरस्ता, पायाची मोठी रक्तवाहिनी. हितं गुठळी अडकली. तरीबी रक्त बोळाबोळानं खाली गेलं असतं. पण गुठळीतल्या प्लेटलेट सेरोटोनिन नावाचं रसायन सोडत्यात, आणि ते बोळबी आवळून टाकतंय.’

‘मग?’

‘गुठळी काढली की बोळ सुटत्यात.’

‘सुटतील ना, सर?’

ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. असं तीनदा सांगितलं. मला रडायला त्यांनी सवडच दिली नाही. तिसऱ्या वेळी हमरस्ता गिरवून गिरवून कागद फाटला.

एक बोट गेलं, पाय वाचला.

मागच्या वर्षी सर झोपेतच गेले. नदीवरच्या स्मशानापर्यंतची वाट लांबची, म्हणून मी गाडीचं दार उघडून उभा राहिलो. ‘अण्णा, बसा.’

‘चालतो की,’ एवढंच म्हणून अण्णा तिरडीमागे निघाले. किंचित लंगडत, पण कुठंही न थांबता.