पिस्तुलावरचा ठपका

रिसालदार नारायणराव तायडे यांच्या हातात काहीही द्या, ते आधी त्या वस्तूचं तोंड जमिनीकडे करायचे. छत्री, विजेरी, झाडांना पाणी घालायची नळी, काहीही. ते आमच्या शेजारी राहायला आले त्या दिवशी मी चहाचा थर्मास घेऊन गेले होते. त्यांनी तो घेतला, तिरका धरला, झाकण घट्ट आहे का ते अंगठ्याने चाचपलं आणि मग म्हणाले, "हां. आता ठीक." मला हसू आलं. त्यांना नाही.

"तुमी वकील आहा म्हणते," ते म्हणाले. "दिवाणी का फौजदारी?"

"दिवाणी."

"मंग चालते. फौजदारीवाले उलटसुलट लय विचारतात."

अकोल्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं साक्षी ऐकून मला एक खोड लागली आहे. माणूस काय बोलतो त्यापेक्षा तो ते का बोलतो, याकडे माझा कान आधी जातो. तायड्यांचं ते वाक्य मी ध्यानात ठेवलं.

चांदूर बाजारकडचा हा माणूस. संत्र्याची बाग धाकट्या भावाकडे सोपवून पेन्शनीत अकोल्याला आलेला. बायको आधीच गेली होती, मुलगी अमरावतीला दिलेली. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा शक होता. दूधवाल्यावर होता, मीटर बघायला येणाऱ्यावर होता, हवामानाच्या बातम्यांवर तर फारच होता. बँकेतून बोलते म्हणून एखाद्या मुलीचा फोन आला की तिला ते तिचं गाव विचारायचे, मग त्या गावाच्या बसस्टँडसमोर काय आहे ते विचारायचे. ती बिचारी कंटाळून फोन ठेवायची. "पाह्यलं?" ते मला म्हणायचे. "खरी असती तं सांगितलं नसतं?"

पण त्यांचा सगळ्यात मोठा शक होता पिस्तुलावर.

तायडे रणगाड्यांच्या पलटणीत होते. रणगाड्यात जागा कमी, म्हणून तिथल्या माणसांच्या कमरेला पिस्तूल. नोकरीभर ते वागवलं आणि नोकरीभर त्याचा तिरस्कार केला. "रायफल बैलासारकी असते ताई," ते सांगायचे. "समोर दिसते, वजन कळते, कोणीकडं तोंड आहे समजते. पिस्तूल म्हणजे मांजर. तुमच्या मांडीवर बसते, पण तुमचं नसते."

रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात निवृत्त फौजी जमायचे. कुणी ना कुणी कोथिंबिरीची सांबारवडी आणायचं आणि गप्पा फिरून फिरून हत्यारांवर यायच्या. फौजेतल्या दवाखान्यात काम केलेले एक गृहस्थ म्हणायचे, "मी तं पिस्तुलाले फक्त तेल पाजलं. त्यानं माह्यं काही बिघडवलं नाही, मी त्याचं नाही." दुसरे एक जण मॅगझिनच्या स्प्रिंगला शिव्या घालायचे. भरून ठेवलं की ती ढिली पडते आणि मग ऐन वेळी गोळी वर चढत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण पिस्तुलाची खरी बाजू घेणारा एकच माणूस होता, हवालदार इंगळे. पातूरचे. मिलिटरी पोलिसात होते, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्यातलं पिस्तूल हा त्यांचा दागिना.

"उजव्या कमरेले ते वजन असलं का माणूस सरळ चालते," इंगळे म्हणायचे. "मले कधी दगा नाही देल्ला त्यानं."

"तुले देल्ला नसन," तायडे म्हणायचे. "पण ते पडलं का सुटते. मी डोळ्यानं पाह्यलं."

एवढं बोलून झालं की इंगळे नेमके गप्प व्हायचे. एरवी हा माणूस वाद अर्ध्यावर सोडणारा नव्हता. मला ते खटकायचं.

एका वैशाखातल्या दुपारी वीज गेली, कूलर थांबला, आणि आम्ही दोघं कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून बसलो असताना तायड्यांनी मला ती हकिगत सांगितली. त्यांच्याच रणगाड्यावर दिलीप खंडारे नावाचा जवान होता, अचलपूरजवळच्या एका खेड्यातला. राजस्थानात सराव चालू होता. दिलीप ड्यूटीवरून तंबूत आला, पिस्तूल काढून खाटेवर ठेवलं, ते घसरून खाली पडलं आणि गोळी सुटली. पोरगा जागीच गेला. पाहणारे एकटे तायडे. चौकशीत त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. ड्यूटीवरचा अपघाती मृत्यू ठरला. दिलीपच्या मागे बायको शोभा आणि मांडीवरची मुलगी.

मी ऐकून हळहळले. पण पुढे काही महिन्यांनी व्हरांड्यात हीच गोष्ट निघाली, तेव्हा पिस्तूल खाटेवरून नव्हे तर तंबूच्या खांबाला लटकवलेल्या पट्ट्यातून निसटलं होतं. साक्षीतली जागा बदलली की वकील मान वर करतो. मीही केली. तायड्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा गार झाल्याची तक्रार सुरू केली.

त्याच दिवशी इंगळे निघताना फाटकापर्यंत माझ्याबरोबर आले. "वकीलताई," ते आवाज दाबून म्हणाले, "ते असं सुटत नाही. चेंबरमंदी गोळी पाह्यजे, घोडा चढेल पाह्यजे, सेफ्टी काढेल पाह्यजे. ड्यूटीवरून आलेला माणूस पयले पिस्तुलातली गोळी काढते. हे सारं एकदम कसं जमलं?"

"मग तुम्ही त्यांना विचारत का नाही?"

"काय विचारू? अन् विचारून काय कळन?"

तेव्हापासून शेजारच्या घराकडे माझी नजर वेगळी झाली. दिवाळीनंतर शोभाबाई दरवर्षी मुलीला घेऊन तायड्यांना भेटायला यायची. ती आली की हा जगाला उलटतपासणारा माणूस जमिनीकडे बघून बोलायचा. मुलीच्या शाळेचं विचारायचा, शोभाबाईच्या डोळ्याला डोळा मात्र देत नसे. माझ्या मनात एक फार वाईट शंका आली. पिस्तूल पडलंच नसेल तर? ते तायड्यांच्याच हातात असेल तर? ही शंका मी घरातही कुणाला सांगितली नाही. त्यांनी दिलेला संत्र्याचा वानोळा घेताना मात्र माझा हात अडखळू लागला.

मागच्या वर्षी शोभाबाई अवेळीच आली, एकटी. तिच्या गावच्या शाळेच्या आवारात दिलीपच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं होतं. पण सुट्टीवर आलेला गावातलाच एक जवान, आकाश, बैठकीत बोलून गेला की पिस्तूल असं आपोआप सुटत नाही, आम्ही रोज वापरतो. झालं. गावात कुजबुज सुरू झाली. मग मेला कसा? स्वतःच गोळी घालून घेतली असेल. मग दगड कशाला?

"माह्या पोरीले शाळेत पोट्टे विचारून रायले," शोभाबाई म्हणाली. "भाऊ, तुमी या. तुमी पाह्यलं ते सांगा, बस."

तायड्यांचा चेहरा उतरला. पण ते नाही म्हणाले नाहीत. गाडी माझी होती, म्हणून मी गेले. इंगळ्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते सकाळी कडक इस्त्रीचे कपडे घालून फाटकाशी उभे होते.

दर्यापूर, अंजनगाव करत आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या आवारात बरीच माणसं जमली होती. तायडे उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. या वेळी खाट होती. आकाश पुढच्या रांगेत होता. पोरगा उद्धट नव्हता, पण त्याला जे ठाऊक होतं ते त्याला गिळवत नव्हतं.

"साहेब, माफी असावी," तो म्हणाला. "पण आमाले शिकवतात का पिस्तूल पडल्यानं सुटत नाही. मंग हे सुटलंच कसं?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. शोभाबाई मुलीचा हात धरून शाळेच्या पायरीवर उभी होती.

तेव्हा इंगळे उठले.

"मी मिलिटरी पोलिसात होतो," ते म्हणाले. "पूर्ण नोकरी कमरेले पिस्तूल. तुह्या शिकवणाऱ्यानं पिस्तूल पुस्तकात पाह्यलं असन, मी अंगावर वागवलं. जुन्या पिस्तुलाचा काही भरवसा नाही. माह्या हातून पडून सुटलं होतं एकदा. नशीब, भिताडात गेली गोळी. माणूस चांगला होता रे बावा, हत्यार दगाबाज होतं."

आकाश उठून उभा राहिला. "मले माहीत नव्हतं साहेब," तो म्हणाला, आणि शोभाबाईकडे वळून त्याने हात जोडले. पुढे चर्चा झाली ती दगड कोणत्या भिंतीशी लावायचा याची.

परतताना अंजनगावच्या अलीकडे इंगळ्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. रस्त्याकडेला बाभळीची विरळ सावली होती. तायड्यांनाही खाली उतरवून ते त्यांच्यासमोर उभे राहिले.

"माह्या पिस्तुलानं मले कधी दगा देल्ला नाही, नारायण. अन् आज चार गावच्या लोकाईसमोर मी त्याले दगाबाज म्हटलं. आता खरं सांग. कोणाच्या हातात होतं?"

मी इंजिन बंद केलं.

"त्याच्याच," तायडे म्हणाले.

मग ते रस्त्याच्या कडेला, धुळीतच बसले. "सुट्टी मागत होता तो. माय बिमार नाही, घरी लगन नाही, कारण काहीच नाही. 'साहेब, मले घरी जाऊ द्या, बस,' म्हणे. मले शक आला. बिनकारणाची सुट्टी मागते म्हणजे काहीतरी लपवून रायला. मी म्हटलं, उद्या पाहू. मी तंबूत गेलो तवा सारं होऊन गेलं होतं. बाकीचे पळत येऊन रायले होते. मले काही सुचलं नाही. मी पिस्तूल उचलून खाटेखाली सरकवलं अन् म्हटलं, पडलं. पडून सुटलं." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "जवानावर शक घेतला, त्याची अडचण खरी निघाली. मंग ज्याच्यावर घेता येते त्याच्यावर घेत गेलो. पिस्तूल काय बोलणार आहे?"

इंगळे त्यांच्या शेजारी बसले. काही वेळाने त्यांनीच हात देऊन तायड्यांना उठवलं. गाडीत बसताना मला माझी शंका आठवली आणि मी आरशातून मागे बघायचं टाळलं.

यंदाच्या उन्हाळ्यात तायडे गेले. फुप्फुसाचं दुखणं होतं, शेवटचे आठवडे घरीच काढले. मुलगी अमरावतीहून येऊन राहिली होती. जाण्याच्या थोडे दिवस आधी त्यांनी मला बोलावलं आणि शोभाबाईला बोलवायला सांगितलं.

"सांगून टाकतो तिले," ते म्हणाले. "तुमी थांबा इथंच. माह्यं बोलणं अडकलं तं तुमी सांगजा."

ती सकाळच्या एसटीने आली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. तायड्यांनी सुरुवात केली, "शोभाबाई, त्या दिवशी तंबूत..." आणि खोकला आला.

"भाऊ, राहू द्या," ती म्हणाली. "मले माहीत आहे."

तायडे तिच्याकडे बघत राहिले. मी त्यांना तिच्याकडे असं सरळ बघताना प्रथमच पाहत होते.

"त्या दिवशी त्यायचा फोन आल्ता. पोरीच्या कानाले फोन लावाले सांगितलं. तिले बोलताही येत नव्हतं, तरी तिच्यासंगं बोलत रायले. तसं बोलणं माणूस रोज बोलत नाही. खबर आली तवाच मी समजली."

"मंग इतके वर्षं बोलली काहून नाहीस?"

"तुमी त्या पिस्तुलाले एवढ्या शिव्या देत होते. मले वाटलं, या माणसाले तेवढाच आधार आहे, तो कशाले काढून घ्या. म्हणून मी बी पिस्तुलालेच शिव्या देत गेली."

तायड्यांनी उशीवरून मान उचलली. "सुट्टी मागत होता तो. मी देल्ली नाही, उद्या पाहू म्हटलं."

शोभाबाईने पलंगावरची चादर नीट केली. "ते बी सांगितलं होतं त्यायनं फोनवर. 'साहेबानं नाही म्हटलं नाही, उद्या पाहू म्हटलं, साहेब देतीन,' असं म्हणाले. तुमच्यावर राग नव्हता त्यायचा."

तायड्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर गेलं आणि त्यांचा आखडलेला हात हळूहळू सैल पडला.

मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. वाटेत सारखं माझ्या मनात येत होतं. जो माणूस मुलीचा निरोप घेत होता, तो त्याच फोनवर उद्याच्या सुट्टीचं असं बोलला असेल का? की हे शेवटचं वाक्य तिने पलंगाशी उभं राहून, तिथल्या तिथे तयार केलं? प्रश्न माझ्या जिभेवर होता. अचलपूरची गाडी लागली. शोभाबाईला खिडकीशी जागा मिळाली, मी तिला पाण्याची बाटली दिली, आणि काही विचारलं नाही.