पुट्रेसिनच्या कुंड्या

त्या कुंड्यांना पाणी मी घातलं होतं. विचारल्यावर नाही म्हणालो. ही दुसरी चूक, आणि तीच मोठी.

ऐंशीच्या दशकात मी नागपुरात शेतकी शिकत होतो. मला सीनिअर असलेली एक ताई जंभेरीच्या रोपांवर पीएच.डी. करत होती. संत्र्याचं कलम करताना डोळा या रानलिंबाच्या रोपावरच बांधतात. तहानेचा ताण बसला की झाड स्वतःच पॉलिअमाइन नावाची द्रव्यं वाढवतं आणि आपल्या पेशी सावरतं. त्यातलंच पुट्रेसिन वरून फवारलं तर रोप जास्त तग धरतं का, हे तिला पाहायचं होतं. अर्ध्या कुंड्या फवारलेल्या, अर्ध्या तशाच. मग सगळ्यांचंच पाणी बंद.

बाटली उघडली की कुजका वास सुटायचा.

"ताई, सारे मेलेला उंदीर शोधून राहिले."

"तुह्या मोज्यांपेक्षा बरा आहे गा!"

ऐन मे महिन्यात ती भावाच्या लग्नाला पारशिवनीला गेली. "नुसतं पाहत राह्य, हात लावू नको," एवढंच बजावून गेली. न फवारलेल्या रोपांनी माना टाकल्या, पानं वळली. आमच्या घरी अंगणातलं झाड सुकत असताना कुणी जेवायला बसत नसे. मी बादली उचलली आणि फक्त त्याच रोपांना पाणी दिलं.

ती परतली तेव्हा दोन्हीकडची रोपं सारखीच हिरवी होती.

"फरकच नाही, बाई," तिचे गाईड म्हणाले. "विषय बदला."

पुट्रेसिन संपत आलं होतं. नवी बाटली परदेशातून यायची, त्यामुळे प्रयोग पुन्हा करणंही सोपं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तू पाणी त नाही टाकलं न गा?"

"नाही ताई. काहून टाकीन?"

ती सरांकडे वळली. "तो खोटं नाही बोलत, सर. माझंच काही चुकलं असेल."

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत विषय बदलण्याचा अर्ज लिहायला बसली. मी दाराबाहेर उभा होतो. तिनं पेनचं टोपण काढलं, तसा मी आत शिरलो.

"सर, पाणी मी घातलं. न फवारलेल्यांनाच घातलं. औषध खोटं नाही, ताईचं कामही खोटं नाही."

तिनं मान वर केली नाही.

"ताई, मी तुह्याशी खोटं बोललो, अन् तू माह्या बाजूनं बोलत होती तेव्हाही गप्प रायलो. मले माफ कर."