रामटेके सरांची रुंद लेन्स

रामटेके सर कॅमेऱ्यासाठी लेन्स निवडताहेत, हे वाक्य २००८ साली खरं होतं आणि २०१२ सालीही खरंच होतं. मधल्या काळात आमच्या शाळेत तीन मुख्याध्यापक येऊन गेले, गोंदियाकडच्या आमच्या गोरेगावचा आठवडी बाजार एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला, माझ्या डोक्यावरचे केस गेले. सरांची लेन्स तेवढी ठरली नाही.

मी त्या शाळेतला बाबू, म्हणजे कारकून. सर भूगोल शिकवायचे. शिडशिडीत बांधा, पांढरा शर्ट, आणि पायात उन्हाळा-पावसाळा एकच सँडल. मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढायचे, माझी हजेरीपत्रकं खुशाल बाजूला सारायचे आणि आपली जाडजूड फाईल उघडायचे. तिच्यात नेटकॅफेतून छापून आणलेले कागद असत. लग्नाच्या पोरीसाठी आलेली स्थळं लावावीत तशा एकेका लेन्सच्या पानांना टाचण्या लावलेल्या. वजन किती, कोन किती रुंद, अंधारात उजेड किती आत घेते, सगळं हिरव्या शाईत.

"हे पाहा बाबू. कोन मस्त आहे, उजेडही भरपूर घेते. पण कडेचे तारे पांगून राहिले. ठिपका पाहिजे तिथं पाखरू दिसते."

"मग सोडा तिला."

"सोडतो कायले? अजून दोन पाहू, मंग ठरवू. लेन्स घेणं म्हणजे सोयरीक होय. पाहून-सवरून करा लागते."

"सर, तुमच्या सोयरिकीत नवरदेवाचे दात पडायची वेळ आली."

सर खळखळून हसायचे आणि पुढची टाचणी काढायचे. थट्टा त्यांना लागायचीच नाही. एवढी मेहनत करून टोमणा मारावा आणि समोरच्याने चहा मागवावा, याच्यासारखा अपमान नाही हो!

त्यांना हवा होता एकच फोटो. सर नवेगाव बांधचे. लहानपणी उन्हाळ्यात ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घोंगडी टाकून झोपायचे, तेव्हा पाहिलेली आकाशगंगा त्यांना तलावासकट एका फोटोत हवी होती. पाणी, झाडांची रांग आणि वर अख्खं आकाश. "आपण पौर्णिमेचे लोक, बाबू," ते म्हणायचे. "बुद्धपौर्णिमा म्हणू नका, माघ पौर्णिमा म्हणू नका, सगळं चांदण्यात. अन् ह्या फोटोले पाहिजे अमावस्या. आमच्या घरची म्हणते, उलट्या खोपडीचा माणूस भेटला मले."

नुसती हौस असती तर मी चार दिवस थट्टा करून विसरलो असतो. पण सरांना काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांवर सांभाळा. आणि ती जाते कडेकडून. समोरचं दिसतं, आजूबाजूचं विझत जातं. सरांनी हे मला तालुक्याचं पर्जन्यमान सांगावं तसं सांगितलं. रात्री मान वर केली की त्यांना काळोख दिसायचा आणि मध्ये नशिबाने एखादा ठिपका. म्हणून फोटो. कागदावर, दिवसाच्या उजेडात, नजर शिल्लक आहे तोवर त्यांना एकदा अख्खं आकाश पाहायचं होतं. आणि एवढं डोक्यावर असताना हा महापुरुष कोपऱ्यातले तारे पांगतात म्हणून लेन्सा नापास करत होता!

एकदा माझं डोकं फिरलं. "अहो सर, कोपऱ्यात कोण पाहणार आहे? मधलं चांगलं आलं की झालं. घेऊन टाका ना एखादी!"

"मधातलं तं मले आजही दिसते, बाबू," सर म्हणाले. "कडाच पाह्यच्या आहेत."

मीच पुढच्या पानाची टाचणी काढून त्यांच्यासमोर धरली.

महिन्यातल्या एखाद्या रविवारी ते एसटीने गोंदियाला कॅमेऱ्याच्या दुकानात जायचे. एकदा मीही गेलो. सरांनी काचेच्या कपाटातली लेन्स काढायला लावली, कॅमेऱ्याला बसवली, दारात उभं राहून समोरच्या किराणा दुकानाच्या पाटीचा फोटो काढला, आणि मग हनुवटी डावीकडून उजवीकडे नेत पडद्यावरचा एकेक कोपरा तपासला. आता त्यांना तसंच पाहावं लागायचं, तुकड्या-तुकड्याने. दुकानदार सेठ कपाळाला हात लावून बसला होता.

"सरजी, आप लेन्स लेने आते हो कि उसका मेडिकल करने?"

"सेठ, दोन्ही कोपरे बराबर नाहीत. डावा जरा ढिला आहे."

"डावा कोपरा शादी के फोटो में कौन देखता है, सरजी?"

"माही शादी नाही ना," सर म्हणाले आणि लेन्स पुसून परत दिली.

शेवटी २०१३ च्या सुरुवातीला ती ठरली. चौदा मिलिमीटरची, पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी फुगलेली. सरांनी शाळेत पेढे वाटले. मी विचारलं, "बारसं कधी?" त्यांनी मला दोन पेढे जास्त दिले.

मे महिन्यात सर निवृत्त होणार होते. त्याआधीच्या एका अमावस्येला आम्ही दोघं नवेगावच्या पाळीवर गेलो. सरांनी माझं कोपर धरलं होतं. कॅमेऱ्याची सगळी बटणं ते बोटांनी ओळखत होते, एकही चूक नाही. फक्त फोकस माझ्याकडून करून घेतला. मी लेन्सची कडी फिरवत होतो आणि ते विचारत होते, "तारा बारीक झाला काय? अजून बारीक कर गा, घाई कायले करतं?" पाच वर्षं लावणारा माणूस मला घाई करू नको म्हणत होता. फोटो आला. खरं सांगतो, असं आकाश मी माझ्या उघड्या डोळ्यांनीही कधी नीट पाहिलं नव्हतं.

आता माझी करामत ऐका. आमच्याकडे वाढदिवसापासून तेरवीपर्यंत फ्लेक्स लावल्याशिवाय कशाचं समाधान होत नाही. सरांच्या निरोप समारंभाला त्यांच्याच फोटोचा मोठा फ्लेक्स लावायचा, ही कल्पना माझी. छापणाऱ्याने सवयीने विचारलं, "शुभेच्छुक कोण कोण?" आणि मीही सवयीने सगळ्या स्टाफचे पासपोर्ट फोटो त्याच्या हातात ठेवले. मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, दोन शिपाई, मी. फ्लेक्स मैदानात उभा राहिला तेव्हा आकाशाच्या चारी कडांना आम्ही बसलो होतो, गोल गोल, केस विंचरून; माझा फोटो केस असतानाचा. ज्या कडांसाठी त्या माणसाने पाच वर्षं घालवली, त्या मी एका दुपारीत भरून टाकल्या. अन् सरांना हार घालताना ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं!

सर फ्लेक्सजवळ गेले. तिथून त्यांना नुसतं काळं दिसत होतं. मग ते मागे मागे सरकू लागले. खुर्च्या ओलांडल्या, मांडव ओलांडला, पोरं हसायला लागली. मैदानाच्या पार टोकाला फाटकाशी थांबले, तेव्हा कुठे त्यांच्या नजरेत सगळं मावलं. मी धावत गेलो.

"बाबू, कडेले हे काय आहे?"

"आम्ही आहोत, सर. शुभेच्छुक."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस मला शिवी देईल. द्यायला हवी होती. "मुख्याध्यापक बरे आले आहेत," ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गोंदियाला जाऊन मी तोच फोटो साधा, कोरा, वहीच्या पानाएवढा छापून आणला आणि नवेगावला नेऊन दिला. सरांनी तो हात लांब करून धरला. तेवढ्या अंतरावर तो त्यांच्या नजरेत पुरा बसला, या काठापासून त्या काठापर्यंत. वहिनी चहा घेऊन आल्या, चहा थंड झाला, तरी त्यांचा हात खाली आला नाही.

दोन वर्षांनी त्यांना भेटायला गेलो तेव्हा नजर पूर्ण गेली होती. अंगणात खाटेवर बसले होते. माझा आवाज ऐकून वहिनींना फोटो आणायला सांगितला, तो मांडीवर घेतला, अंगठ्याने त्याची खालची कड चाचपली आणि एका बोटाने वर, उजव्या कोपऱ्यात टेकवलं.

"इथं एक लई बारीक तारा आहे. तुले दिसला होता काय?"

फोकस मी केला होता. छापून मी आणला होता. मला नव्हता दिसला. मी चष्मा पुसला, वाकलो आणि त्यांच्या नखाच्या टोकाशी पाहिलं. होता.