मुक्तानं हत्ती दिला, ती दुपार

भावोजींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात भाजीवाल्यासमोर उभा होतो. "अक्का गेली रे. पहाटे, झोपेतच," एवढंच ते बोलले. बातमी अनपेक्षित नव्हती. वर्षभर ती आजारी होती. पण तंजावूरला पोचल्यावर भावोजींनी तिच्या मेलमध्ये आलेले निरोप दाखवले, ते मात्र अनपेक्षित होते. पोलंडमधून, ब्राझीलमधून, जिथली नावंही आम्हाला नीट उच्चारता येईनात अशा गावांतून माणसं विचारत होती, 'मुक्ता' लिहिणाऱ्या बाई गेल्या हे खरं का? आमच्या नात्यागोत्यात अंबुजा म्हणजे गणिताची निवृत्त प्राध्यापक, एवढीच ओळख. माझ्या या थोरल्या बहिणीनं बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्राम एकटीनं लिहिला आणि त्यानं जगातल्या भल्याभल्या प्रोग्रामांना पाणी पाजलं, हे राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतही फार थोड्यांना ठाऊक होतं.

सुरुवात अप्पांमुळे झाली. आमचे वडील तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत होते आणि सुट्टीच्या दिवशी घराबाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, पट मांडून बसायचे. त्यांनी आम्हा दोघांनाही खेळ शिकवला. मी क्रिकेटकडे पळालो, अक्का पटासमोरून हलली नाही. पुढे अप्पांना पक्षाघात झाला. दिवसभर खाटेवर, आणि अक्का कॉलेजात शिकवायला गेलेली, मग दुपारी खेळायचं कुणाशी? त्याच सुमारास तिच्या कॉलेजात संगणक आले होते. पुस्तकं वाचून ती प्रोग्राम लिहायला शिकली आणि एक जुना संगणक घरी आणून म्हणाली, "अप्पांसाठी एक गडी तयार करते." तो पहिला गडी एक प्यादं मारायला म्हणून आपला वजीर देऊन बसला. अप्पा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. 'आहे'ला 'अस्स' म्हणणाऱ्या आमच्या तंजावूरच्या मराठीत म्हणाले, "हा गाढव अस्स, अंबुजा." ती म्हणाली, "अस्स. शिकवते त्याला."

त्यानंतर दरवेळी मी घरी जायचो तेव्हा तो गडी थोडा शहाणा झालेला असायचा, आणि अप्पा त्याला अजून हरवत असायचे, जास्त वेळ घेऊन, जास्त मजा घेत. एका दुपारी ते हरले. चुकून नाही, रीतसर हरले. डावाच्या शेवटी त्यांची प्यादी एकेक करून अडत गेली आणि राजाला जागा उरली नाही. त्यांनी पडदा नीट न्याहाळला. मग आईला हाक मारली, "केसरी कर. नातवंड जिंकलं." अक्काला मूल नव्हतं. तो शब्द ऐकून ती आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली आणि त्या गोड शिऱ्याचा रवा भाजायला तीच उभी राहिली...

अप्पा गेले. अक्का निवृत्त झाली. कुणाला वाटलं आता हे खूळ संपलं. तिनं उलट जुनं सगळं पुसून टाकलं आणि पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहायला घेतलं. आता गडी घरातल्या खाटेपुरता नको होता, जगातल्या स्पर्धेत उतरणारा हवा होता. नाव ठेवलं मुक्ता, आईच्या माहेरी, ओरत्तनाडूत, घरोघरी सापडणारं. माझा मुलगा नचिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं तिला समजावलं, "आत्या, असल्या कामाला आता मोठमोठ्या टीम बसतात. एकट्यानं करायचं तर अलौकिक बुद्धी लागते." तिनं त्याला डोसा वाढला आणि म्हणाली, "बुद्धी मजजवळ बेताची अस्स रे. वेळ पुष्कळ अस्स."

तो वेळ कसा गेला, हे भावोजींनी पाहिलं. मुक्ता लवकरच जोरात खेळू लागली, पण तिच्यात एक खोड होती. डाव जवळजवळ जिंकलेला असताना मध्येच ती घोडा पुढे-मागे नाचवत बसायची, आणि हातातला डाव बरोबरीत सुटायचा. कधी तरीच व्हायचं, म्हणून पकडता येईना. अक्का प्रोग्राममधला एक भाग काढायची, डाव खेळवायची, तो परत बसवून दुसरा काढायची. वर्ष उलटून गेलं. भावोजी म्हणायचे, घर झाडायला काढल्यासारखं चाललंय, एक सामान बाहेर, एक आत. शेवटी सापडलं. पटावरची जी मांडणी मुक्तानं एकदा तपासली, तिच्याबद्दलचं मत ती लक्षात ठेवायची, म्हणजे पुन्हा विचार करायला नको. पण तिथवर आपण कुठल्या वाटेनं आलो, हे ती विसरायची. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत सुटतो, आणि मुक्ताच्या आठवणीत मात्र तो अजून जिंकलेलाच असायचा. दुरुस्तीला मोजक्याच ओळी लागल्या. पुढे कुणीतरी असं पसरवलं, की हे तिला तिरुवैयारूच्या संगीतोत्सवात गाणं ऐकताना सुचलं. ती म्हणाली, "तिथे तर मी झोपले होते."

प्रोग्रामांच्या स्पर्धा इंटरनेटवर चालतात, गटागटांनी. मुक्ता तळाच्या गटातून एकेक गट चढत वर गेली आणि ज्या वर्षी अक्काला कर्करोग असल्याचं कळलं, त्याच वर्षी सर्वांत वरच्या गटात पोचली. शेवटचा डाव आधीच्या विजेत्याशी होता. त्याच्यामागे एक अख्खी टीम होती. त्या दुपारी मी तंजावूरला होतो. औषधांनी अक्का अगदी वाळली होती. "मला बघवत नाही," म्हणत ती खाली चिंच निवडत बसली, आणि मी वरच्या खोलीतल्या संगणकावर बघून जिन्यावरून चाली सांगत होतो.

"अक्का, मुक्तानं हत्ती दिला."

"कशाच्या बदल्यात?"

"एका प्याद्याच्या."

तिनं हातातली चिंच खाली ठेवली. मग म्हणाली, "गेलं. चूक राहिली कुठे तरी." कठड्याला धरून ती वर आली आणि माझ्या शेजारी बसली. समोरच्या प्रोग्रामचा अंदाज आकड्यात पडद्यावर दिसत होता, आपण जिंकतोय असं तो छातीठोकपणे सांगत होता. दोनचार चालींनंतर तो आकडा थोडा उतरला. मग आणखी उतरला. मुक्ताचे दोन उंट लांबून त्याच्या राजाकडे बघत होते, आणि त्याचा तो जास्तीचा हत्ती कोपऱ्यात नुसता उभा होता. भावोजींना खेळातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी हळूच विचारलं, "कोण जिंकतं?" अक्का म्हणाली, "आपण... बहुतेक." थोड्या वेळानं समोरच्यानं डाव सोडला.

मी तिला मिठी मारली. ती मात्र पडद्याकडेच बघत होती. "ही चाल मला सुचली नसती," म्हणाली. तिनं चिंचेच्या हातांनीच लाकडी पट ओढला आणि तो डाव मांडून बसली. दुसऱ्या दिवशी, जेवण वाढलेलं असताना, तिला ती चाल उमगली. तेव्हा ती अशी हसली, की शेजारच्या काकू काय झालं म्हणून डोकावून गेल्या. नचिकेतनं फोनवर कबूल केलं, "आत्या, ही अलौकिक बुद्धीच आहे." ती म्हणाली, "मग त्याच कामाला रोज कंटाळा न येता बसणं, त्यालाच तसं म्हणत असतील."

दिवसकार्य आटोपल्यावर मी आणि नचिकेत वरच्या खोलीत गेलो. पंखा तिच्या खुर्चीकडे नव्हता, संगणकाकडे वळवलेला होता, आणि संगणक चालू होता. मुक्तात कसलाही बदल केला, तो कितीही हुशारीचा वाटला, तरी जुन्या आणि नव्या मुक्ताचे हजारो डाव एकमेकींशी झाल्याशिवाय तिनं तो कधी मान्य केला नाही. दवाखान्यात जायच्या आधी तिनं असाच एक शेवटचा बदल करून डाव लावून दिले होते. कुणी बंद केलं नव्हतं. नचिकेतनं खाली वाकून आकडे पाहिले. "नवी पुढे आहे, बाबा. चांगली पुढे आहे." मी विचारलं, मग झालं का काम? तो म्हणाला, "अजून थोडे डाव हवेत. आत्यानं एवढ्यावर मान्य केलं नसतं." आम्ही खुर्च्या ओढून बसलो. पडद्यावर नव्या मुक्तानं जुनीला मात दिली, सोंगट्या परत जागेवर गेल्या, आणि पुढचा डाव सुरू झाला.