विहिरीच्या मोटरीच्या तीन तारा

नात नागपूरले इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग शिकते. यंदा जेमतेम पास झाली अन् गावी येऊन म्हणाली, "आबा, लय कठीण आहे. मी सोडून राहिली."

मी चौथी शिकलेला, पण हट्टी. म्हटलं, "सोड. पण आधी सांग, घरात दोन तारा पुरतात, मंग विहिरीच्या मोटरीले तीन काहून लागते?"

तिनं सांगितलं. मी म्हटलं, "नाही पटलं."

मंग तिनं ओसरीवर संत्री मांडून सांगितलं. तरी नाही पटलं. शेवटी ओरडली, "आबा, किती सोपं आहे हे!"

"सोपं आहे तं सोडून काहून राहिली वं?"

ती फुगून बसली, पण सकाळच्या एसटीनं कॉलेजात गेली.

आबानं वेड पांघरलं होतं, असं तिले वाटते. वाटू द्या. त्या तीन तारा मले अजूनही समजल्या नाहीत.