संक्रांतीला वाटलेल्या गोळ्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तुमच्याजवळ बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि आता हे पोटात ठेवून मला जगवत नाही.

पाळी गेली आणि वर्षभरात माझा भांग रुंद होत गेला. न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा गुंता. हसू नका. ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी आरशाकडे पाठ करून उभी राहायचे. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं — लोह ठीक, डी व्हिटॅमिन ठीक. कमतरताच नाही, तर गोळ्यांनी काय भरून निघणार, म्हणाल्या. तरी मी बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठीच्या व्हिटॅमिनच्या, गोळ्या आणल्या. आठ महिने खाल्ल्या. काहीही झालं नाही.

मग करोल बागेतून टॉपर आणला — टाळूवर क्लिपांनी बसवायचे केस. तेवढं नवऱ्याला ठाऊक आहे. बाकीचं नाही.

दिल्लीतल्या आमच्या सरकारी कॉलनीत मराठी घरं मोजकी आणि बायका बहुतेक माझ्याच वयाच्या. केस कसे आले गं, म्हणून सगळ्या मागे लागल्या. मी म्हणाले, गोळ्यांनी. तेवढ्यावर तरी थांबावं ना? पण मला मिरवायचं होतं. त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून त्या गोळ्यांच्या बाटल्याच लुटल्या. तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या ओटीत एकेक.

समोरच्या ब्लॉकमधल्या मंदाताई थायरॉईडच्या जुन्या पेशंट; थायरॉईड कमी म्हणून त्यांना रोज गोळी. त्यांनी त्या गोळ्या अगदी मनोभावे घेतल्या, बाटली संपली तशी दुसरी आणली. तपासणीला निघताना त्यांनी मला विचारलं, "अगं, डॉक्टरला ह्या व्हिटॅमिनचं सांगू का?"

"छे हो, बिल्कुल गरज नाही."

का म्हणाले असेन मी असं? डॉक्टर म्हणाले असते, याने केस येत नाहीत — आणि मग मंदाताईंनी माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं असतं. म्हणून.

रिपोर्टमध्ये थायरॉईड वाढल्यासारखा दिसला. डॉक्टरांनी त्यांची नेहमीची गोळी कमी केली. पुढच्या खेपेला आणखी कमी. मंदाताईंचा चेहरा सुजला, आवाज जड झाला, ऑफिसात समोरच्या फाइलीत काय वाचलं ते त्यांना आठवेना. केस तर मुठीने जायला लागले. माझ्याच स्वयंपाकघरात बसून त्या रडल्या. तुझ्या अंगाला लागू पडलं, माझंच शरीर मेलं वाईट, म्हणाल्या. मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

इथवर मला अजाण म्हणता येईल, नाही का? — नाही येणार. त्या गेल्यावर मी बाटलीवरचा बारीक मजकूर पहिल्यांदा वाचला. रक्ततपासणीआधी डॉक्टरांना सांगा, थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. दोनदा वाचला. मला सगळं कळलं.

आणि मी गप्प बसले. सात महिने. त्यांचं घर समोरच्याच ब्लॉकमध्ये. दोनदा त्यांच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. सांगायचं म्हणजे टॉपर काढून सांगावं लागलं असतं. एका माणसाची तब्येत एका बाजूला आणि माझी टाळू दुसऱ्या बाजूला — आणि मी टाळू निवडली. आपल्या हातून कामात चुका होतात, डोकं चालत नाही, वय झालं, असं म्हणत मंदाताईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि नाशिकला मुलाकडे गेल्या. मी प्रवासासाठी दशम्या करून दिल्या. कॉलनीत सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज पुष्कळ मोकळा झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी त्या केसांच्या गोळ्या बंद करून पुन्हा तपासणी केली, तेव्हा खरे आकडे कळले. नोकरी गेली ती गेलीच. पण त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. फोन केला होता तो माझ्यासाठी.

"तूसुद्धा बंद कर गं त्या गोळ्या. तुझा कुठला रिपोर्ट चुकायला नको. मला फार काळजी वाटते तुझी."

मी म्हणाले, "अय्या, हो का? मला माहीतच नव्हतं."